साहेबाची बदली

सूनबाईनं सकाळी खुराड्याचं दार उघडलं, कोंबड्या बाहेर सोडल्या आणि गाईंचं दूध काढायला ती गोठ्याकडे वळली. चरवी भरून परत येईपर्यंत कोल्ह्यानं आपलं काम उरकलेलं होतं. कुंपणाजवळ पिसांचा सडा पडला होता. रोज सगळ्यांच्या आधी दारातून उडी मारणारी तांबड्या मानेची कोंबडीच नेमकी गेली होती. पुढे पुढे करणाऱ्यांचं बहुतेक वेळा असंच होतं, पण ते कोंबडीला सांगणार कोण?

तिनं घाईघाईनं पिसं गोळा केली आणि खतखड्ड्यात टाकून वर माती ओढली. नवऱ्याच्या नजरेला पडू नयेत, एवढाच हेतू. पण नवरा आधीच कुंपणाला टेकून उभा होता आणि त्यानं सगळं पाहिलं होतं.

"गेली ना आणखी एक?"

"गेली."

"मग आता बास झालं. लोखंड सांगून ठेवलंय मी. पंधरा दिवसांत येईल. आलं की शेड उभी करतो. खाली पक्की फरशी, चारी बाजूंनी जाळी. कोल्हा सोड, उंदीरसुद्धा शिरणार नाही आत."

"आणि कोंबडी बाहेर येणार नाही."

"जिवंत तर राहील!"

नवरा उगाच बोलणाऱ्यांतला नव्हता. तो वेल्डर होता, घरामागेच त्याचं काम चालायचं, आणि हे चाकांवरचं खुराडं त्यानंच तिला जुन्या ट्रॉलीच्या सांगाड्यावर बांधून दिलं होतं. तेही हौसेनं, वर पिवळा रंग मारून. आजवर कोल्ह्यानं फाडलेल्या कोंबड्याही बहुतेक वेळा त्यानंच पुरल्या होत्या. त्याला कोंबड्यांची चीड नव्हती, त्या मरतात याची चीड होती.

शेतीची रीत सूनबाईनं बसवलेली होती. गाई आणि शेळ्या आधी गवताच्या एका तुकड्यात चरायच्या. तिथलं गवत संपत आलं की त्या पुढच्या तुकड्यात जायच्या, आणि मग दोन-चार दिवसांनी त्यांच्या मागोमाग हे खुराडं ओढत न्यायचं. कोंबड्या वाळत आलेलं शेण उकरून त्यातल्या अळ्या फस्त करायच्या. शेण आपोआप पसरायचं, जमिनीला खत मिळायचं, गाईंमागची माश्यांची कटकट कमी व्हायची. फवारा नाही, औषध नाही, पिंजरा नाही. अंडी सेंद्रिय म्हणून विकायची तर पाखरांना रोज उघडं रान मिळालंच पाहिजे, असा नियमही होता.

पण खरं सांगायचं तर सूनबाईला त्या नियमाची गरजच नव्हती. लग्नाआधी ती एका मोठ्या बंदिस्त पोल्ट्रीत कामाला होती. तिथे पंखे कधी थांबत नसत आणि दिवे कधी विझत नसत. सकाळी गेल्या गेल्या तिचं पहिलं काम म्हणजे रांगांमधून फिरत मेलेली पाखरं उचलून बादलीत टाकणं. उचलताना ती हलकी लागायची, आणि त्यांच्या पायांना मातीचा कण नसायचा. एकदा एक पाखरू निसटून दारापर्यंत आलं, उन्हाचा पट्टा बघून थबकलं आणि घाबरून परत आत पळालं. त्या दिवशी सूनबाई घरी जाऊन जेवली नाही. आपण कोंबड्या पाळल्या तर त्या मातीत लोळतील, नाहीतर पाळणारच नाही, असं तिनं तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं.

"शेड नको," ती म्हणाली. "आपल्याकडे राखणीचा कुत्रा आहे."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि एवढ्या वाईट सकाळीही त्याला हसू आवरेना.

"कोण? साहेब?"

साहेब त्या वेळी घरात नानांच्या पलंगाखाली उताणा पडून, चारही पाय वर करून घोरत होता.

या कुत्र्याची जात राखणीची, यात शंका नव्हती. आई-बाप दोघंही मेंढरांत जन्मलेले, मेंढरांत वाढलेले. पिल्लू देताना मेंढपाळानं बजावून बजावून सांगितलं होतं, "याला शेळ्यांत सोडा. तिथंच खाऊ द्या, तिथंच झोपू द्या. घराचा उंबरठा दाखवू नका. या शेळ्या-कोंबड्या म्हणजेच आपलं घर, असं याला वाटलं पाहिजे. मग कोल्ह्याचं काम याच्यावर सोडा." घरातल्या सगळ्यांनी मोठ्या समजूतदारपणानं माना डोलावल्या होत्या.

आणि मग पिल्लू घरी आलं ते नेमकं बोचऱ्या थंडीच्या दिवसांत. बाहेर वारा असा की कानाच्या पाळ्या दुखाव्यात. पिल्लू मुठीएवढं, थरथर कापतंय. "आजची रात्र राहू दे आत," असं म्हणालं कोण, तर खुद्द सूनबाई. पाहुण्यांची आणि कुत्र्याच्या पिल्लांची आजची रात्र फार लांबते. दुसऱ्या दिवशी ते शेगडीजवळ होतं, चौथ्या दिवशी नानांच्या पायाशी, आणि पुढे पांघरुणात.

नाना म्हणजे सूनबाईचे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते बोलेनासे झाले होते. विचारलं तर हो, नाही, बघू, एवढंच. पिल्लू आलं आणि म्हाताऱ्याला कंठ फुटला. ते त्याच्याशी बोलू लागले, त्याला रागावू लागले, आज हवा कशी आहे ते सांगू लागले. हे बघून सूनबाईनं मेंढपाळाचं बोलणं सोयीस्करपणे कानाआड केलं. नवराही येता-जाता पाव टाकू लागला. नाव आधी काहीतरी दुसरंच ठेवलेलं होतं. पण वेळेवर खाणं, दुपारची झोप आणि कामाच्या नावानं शून्य, हे बघून घरात सगळे त्याला साहेबच म्हणू लागले. आता साहेबाची उंची नानांच्या कमरेपर्यंत आली होती. कोल्हा त्याच्यापुढे काहीच नव्हता. फक्त ते कोल्ह्याला माहीत नव्हतं आणि साहेबालाही.

"त्याची बदली करायची," सूनबाई म्हणाली. "आजपासून रानात."

"साहेब लोक बदली रद्द करून आणतात गं," नवरा म्हणाला आणि हेल्मेट घेऊन कामाला गेला.

पहिल्या दिवशी तिनं साहेबाला दोर लावून शेळ्यांच्या वाड्यात नेलं. वाडा खुराड्याला लागूनच होता, फळ्यांचा, हलवता येईल असा. शेळ्यांत एक थोराड शेळी होती, तिला सगळे म्हातारी म्हणत. म्हातारीनं या नव्या पाहुण्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि बरगडीत शिंग दिलं. साहेब एवढा मोठा गडी, पण लहान मुलासारखा भोकाड पसरून रडू लागला. कोंबड्या फडफडत चहूकडे पांगल्या. सूनबाईनं मन घट्ट करून त्याला खुंट्याला बांधलं, पाणी ठेवलं आणि ती घरी आली. स्वयंपाकघराच्या दाराशी साहेब तिच्या आधीच पोचलेला होता. गळ्यात चावलेल्या दोराचं टोक लोंबत होतं आणि शेपूट जोरजोरात हलत होती.

दुसऱ्या दिवशी दोराऐवजी साखळी आली. साहेब रडला, मग थकला, मग पडून राहिला. खाणं तिथंच, असं सूनबाईनं ठरवलं होतं. पण तिनं ठेवलेल्या ताटलीला तो तोंड लावेना. दोन दिवस असेच गेले. तिला काळजी वाटू लागली. कुत्रा उपाशी, तरी पोट मात्र गच्च कसं? मग एकदा दुपारी ती अचानक वाड्याकडे गेली तेव्हा नाना फळीआडून हात घालून त्याला दुधात भिजवलेला पाव भरवत होते. खिशात आणखी पाव होता. सदऱ्याचा खिसा ओला झाला होता.

"नाना!"

म्हातारा चोरी पकडलेल्या पोरासारखा दचकला.

"तुम्हीच असं केलंत तर तो इथलं कधी खाणार? त्याला कळतंय, तुम्ही येणार म्हणून. असं लाडावूनच तर आपण त्याला बिघडवलाय!"

"बिघडवलाय," नाना म्हणाले. "मी बिघडवलाय. पण सूनबाई, तू दिवसभर रानात असतेस. तुझा नवरा दिवसभर आगीशी खेळतो. घरात मी बोलायचं कोणाशी? भिंतींशी?"

सूनबाईला मनापासून वाईट वाटलं. खरं होतं ते. या घरात कामं एवढी होती की म्हाताऱ्याशी बोलायचं काम कुत्र्याकडे सोपवून सगळे मोकळे झाले होते. पण तिनं कुंपणाजवळ पडलेला पिसांचा सडाही पाहिला होता, आणि पंख्याच्या त्या न थांबणाऱ्या घरघरीतली बादलीही तिला आठवत होती. ती खाली बसली, नानांच्या बरोबरीनं, गवतावर.

"नाना, मी त्याला तुमच्यापासून तोडायला नाही आणलं इथं. पण याला जमलं नाही तर पंधरा दिवसांत सगळ्या कोंबड्या फरशीवर जातील. मग त्यांना माती दिसायची नाही. मला ते बघवणार नाही. मी कोंबड्याच विकून टाकीन."

खिशातला ओला पाव काढून नानांनी म्हातारी शेळीपुढे टाकला आणि घरी गेले.

सूनबाईला वाटलं, रुसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती रानात आली तर नाना तिच्याही आधी तिथे हजर. काखेत घडीची खुर्ची, डोक्याला टोपी, हातात पाण्याची बाटली.

"तो माझ्यामागे येतो ना? मग मीच इथं येऊन बसतो," ते म्हणाले. "आता काढ ती साखळी."

त्या दिवसापासून नानांचं बिऱ्हाड दिवसभरासाठी रानात आलं. साहेबाची साखळी सुटली आणि तो खुर्चीशेजारी पसरला. त्याच्या जेवणाची ताटली शेळ्यांच्या वाड्यात असे आणि नाना त्याला काही भरवत नसत. दोन दिवस साहेबानं त्यांच्या तोंडाकडे आशेनं बघितलं, तिसऱ्या दिवशी निमूट उठून ताटली चाटून पुसून साफ केली. म्हातारीनं शिंग उगारलं, साहेबानं दात दाखवले. कुत्रा पहिल्यांदाच गुरगुरला. सूनबाईला एवढा आनंद झाला की तिनं ते धावत जाऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "शेळीवर गुरगुरला? वा! आता कोल्ह्याला सांगा, शेळीचं सोंग घेऊन ये."

पण हळूहळू गाडी रुळावर येत होती. कोंबड्यांना साहेबाची सवय झाली. त्याच्या अंगाला टेकून त्या मातीत अंघोळ करू लागल्या, एक तर त्याच्या पाठीवर चढून ऊन खाऊ लागली. नानांनाही रान मानवलं. त्यांना कोणती कोंबडी कुठे चोरून अंडी घालते ते कळू लागलं. कोंबडा फार माजलाय, पांढरी कोंबडी लंगडतेय, करड्या शेळीच्या कासेचं एक थान जड लागतंय, असे निरोप ते संध्याकाळी सूनबाईला देऊ लागले. जेवताना त्यांचं तोंड थांबेना. नवराही कौतुकानं ऐकायचा आणि मग हळूच म्हणायचा, "लोखंड निघालंय म्हणे."

अडचण एकच होती, आणि ती सूनबाईच्या लक्षात यायला उशीर झाला. नाना घरी निघाले की साहेब उठायचा आणि त्यांच्या मागोमाग चालू लागायचा. तिला वाटलं, होईल सवय. रात्री कोंबड्या खुराड्यात, शेळ्या वाड्यात बंदच असतात, तोपर्यंत चालेल. आणि मग लोखंड आलं. अंगणात त्याचा ढीग पडला, नवऱ्यानं टेपनं जागा मोजली आणि खांबांसाठी खड्डे घेऊन टाकले.

त्याच दिवशी संध्याकाळी कोल्हा आला. भर उजेडात. नाना खुर्चीत होते आणि साहेब त्यांच्या पायाशी, जागा, कान टवकारलेले. दूरच्या कोपऱ्यात कोंबड्या ओरडल्या. साहेब ताडकन उठला, दात विचकून भुंकला आणि नानांच्या पुढ्यात पाय रोवून उभा राहिला. तिथून तसूभर हलला नाही. त्याच्या डोळ्यांदेखत कोल्ह्यानं पांढरी लंगडी कोंबडी उचलली आणि कुंपणाखालून नेली.

सूनबाई शेळ्यांना पाणी पाजून येत होती, तिनं सगळं पाहिलं. कोंबडी तर गेलीच होती, पण आपली चूकही तिला आता उशिरा का होईना समोर दिसली. कुत्रा भित्रा नव्हता. कुत्रा राखण करत होता. फक्त तो कोंबड्यांची राखण करत नव्हता, नानांची करत होता.

नाना खुर्चीत तसेच बसून होते.

"कळलं मला," ते म्हणाले. "तू बोलू नकोस, सूनबाई. माझं मला कळलं."

"नाना..."

"मी इथं आहे तोवर त्याचं घर मी आहे. मी घरी गेलो की त्याचं घर तिकडे. यात कोंबड्या कुठं आल्या?" त्यांनी खुर्ची मिटली. "खांब कधी उभे करतोय तो?"

"रविवारी."

"म्हणजे थोडे दिवस आहेत."

त्या संध्याकाळी नाना घरी निघाले, नेहमीप्रमाणे साहेब मागे आला. घरी पोचल्यावर नाना आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. साहेब बाहेर बसला. आधी त्यानं दारावर पंजा मारला, सवयीनं, हलकेच. मग जरा जोरात. मग तो कुईं करून रडू लागला. नवरा ताटावरून अर्धवट उठला.

"बस खाली," नाना म्हणाले. "जेव."

"नाना, पण किती रडतोय तो..."

"ऐकू येतंय मला. बहिरा नाही झालो."

रडणं वाढलं तेव्हा नानांनी दार उघडलं. साहेब आनंदानं उड्या मारू लागला, त्यांच्या हाताला नाक लावू लागला. नानांनी हात मागे घेतला. या घरात कोणी कधी ऐकला नव्हता असा आवाज काढून ते ओरडले, "चल! जा तिकडे! जा!" साहेबाला वाटलं खेळ असेल, तो आणखीच नाचला. नानांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि त्याच्या पुढ्यात जमिनीवर आपटली. कुत्रा चार पावलं मागे सरला. थांबला. मान कलती करून त्यानं नानांकडे बघितलं, चुकलो कुठं असं विचारावं तसं. नानांनी पुन्हा काठी आपटली. मग तो वळला आणि शेपूट खाली घालून रानाच्या वाटेला लागला.

नानांनी दार लावलं, काठी जागेवर ठेवली आणि पलंगावर बसून ते ढसाढसा रडले. सूनबाईला राहवेना.

"राहू द्या, नाना. नको आता. घालू दे शेड. मी कोंबड्या विकते, त्याला घरात घ्या."

"गप्प बस!" नाना म्हणाले, डोळे पुसत. "एवढं रडवलंस त्याला आणि मला, आणि आता माघार घेतेस? मग हे सगळं फुकट गेलं म्हणायचं. तुझ्या कोंबड्या रानातच राहतील. मी सांगतो."

सूनबाईच्या मनातलं कच्चेपण त्या क्षणी गेलं. ज्याचं सगळ्यात जास्त जाणार होतं, तोच पाय रोवून उभा होता. तिला आता मागे सरकायची लाज वाटली असती.

त्यानंतरचे दिवस घरात कोणाला गोड लागले नाहीत. नाना रानात जायचे बंद झाले. सूनबाई साहेबाला वाड्यात खाऊ घालायची, त्याच्याशी कामापुरतं बोलायची, डोक्यावरून हात फिरवायचा मोह टाळायची. पाटीभर हिरवा चारा आणला तर तो आधी साहेबाच्या अंगाला घासून मग ती म्हातारीच्या पुढ्यात टाकायची, म्हणजे दोघांचा वास एक होईल. संध्याकाळ झाली की साहेब घराकडे यायचा. नाना दार उघडायचे, काठी आपटायचे, दार लावायचे. तो रोज आला. पण रोज थोडा कमी वेळ थांबला. एकदा पहाटे सूनबाई वाड्याकडे गेली तर साहेब आणि म्हातारी एकमेकांना पाठ लावून झोपले होते. थंडी होती, आणि त्याला दुसरी उबेची जागा कोणी ठेवली नव्हती. हे तिनं नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "बरं झालं," आणि चहा न पिताच उठले.

रविवार उजाडला. नवऱ्यानं आदल्या दिवशीच चार खांब खड्ड्यांत उभे करून ठेवले होते, फक्त काँक्रीट ओतायचं राहिलं होतं.

"आजची सकाळ मला दे," सूनबाई म्हणाली. "रोजच्यासारखं दार उघडते आणि निघून येते. कोल्हा आला आणि कोंबडी गेली, तर मीच काँक्रीट कालवीन. शब्द."

"आणि नाही आला तर?"

"येणार. आयतं मिळतंय, सोडेल कशाला?"

उजाडता उजाडता तिनं खुराड्याचं दार उघडलं. कोंबड्या धडपडत बाहेर पडल्या आणि कालपर्यंत गाई चरलेल्या तुकड्यात पसरल्या. तिनं वाड्याची फळीही काढली. शेळ्या बाहेर आल्या, त्यांच्यामागून साहेब आळस देत आला. मग ती सरळ चालत येऊन गवताच्या गंजीमागे उभी राहिली. तिथे नवरा होता आणि नानाही होते. वारा त्यांच्या तोंडावर येत होता, म्हणजे साहेबाला त्यांचा वास लागणार नव्हता. एवढी काळजी नानांनीच घेतली होती.

बराच वेळ काही झालं नाही. मग कुंपणापलीकडचं गवत हललं. कोल्हा कुंपणाखालून आत आला, पोट जमिनीला लावून, अगदी घरचाच असल्यासारखा. कोंबड्यांनी मान वर केली.

सूनबाईच्या पायांना धावत सुटायचं होतं. तिनं नवऱ्याचा हात घट्ट धरला, आणि तिच्या लक्षात आलं की त्यानं तिच्या आधीच तिचा धरलेला होता.

साहेब उठला. त्यानं आधी घराच्या वाटेकडे पाहिलं. तिकडे कोणी नव्हतं. मग त्यानं शेळ्यांकडे पाहिलं. त्या म्हातारीभोवती गोळा झाल्या होत्या. आणि मग तो निघाला. भुंकत नाही, नाचत नाही, मान खाली घालून सरळ. कोंबड्यांच्या मधून तो गेला तेव्हा एकही फडफडली नाही. कोल्हा आणि कोंबड्या यांच्यामध्ये जाऊन तो उभा राहिला आणि तेव्हा त्यानं तोंड उघडलं. पलंगाखाली घोरणाऱ्या त्या लाडावलेल्या कुत्र्याच्या पोटात एवढा आवाज होता, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

कोल्हा थांबला. एक पाऊल बाजूला सरकून त्यानं अंदाज घेतला. साहेबही तेवढाच बाजूला सरकला. कोल्ह्यानं पुन्हा पाऊल टाकलं, आणि साहेब तुटून पडला. माती उडाली, कोल्हा केकाटला, कुंपणाखालच्या भगदाडातून अर्धा बाहेर, अर्धा आत अडकला, सुटला आणि गवतात दिसेनासा झाला. साहेब त्याच्यामागे कुंपणाबाहेर गेला नाही. तिथल्या तिथे दोनदा भुंकला, भगदाडाचा वास घेतला आणि माघारी वळला.

कोंबड्या सगळ्या होत्या. सूनबाईनं मोजायच्या आधीच तिला ते दिसलं. तिला हसू आणि रडू एकदमच आलं आणि तिनं दोन्ही येऊ दिलं.

"शाब्बास रे!" नवरा गंजीमागून बाहेर येत ओरडला.

नानाही बाहेर आले. "साहे..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनी आपल्याच हातानं आपलं तोंड दाबलं.

साहेबानं ऐकलं होतं. त्यानं मान वळवली, कान पुढे आले, शेपूट हलली. एक पाऊल त्यानं नानांच्या दिशेनं टाकलं. नाना हललेही नाहीत. त्यांनी हाक पुरी केली नाही, हात पुढे केला नाही, हसलेसुद्धा नाहीत. साहेब थोडा वेळ वाट बघत राहिला. मग तो फिरला, कुंपण आणि कोंबड्या यांच्यामधली जागा निवडून खाली बसला आणि त्यानं तोंड कुंपणाकडे केलं.

"नाही आला," नाना म्हणाले.

सूनबाईनं त्यांचा हात हातात घेतला.

नवरा म्हणाला, "ते खांब काढून टाकतो मी. काँक्रीट नाही ओतलं ते बरंच झालं."

"एकट्याला नाही हलायचे ते," नाना म्हणाले. "चल, मी धरतो एका बाजूनं."

तिघंही घराच्या वाटेला लागले. नाना सगळ्यांत पुढे होते, भराभरा चालत होते, आणि त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर साहेब उठून आला असता.